बोराच्या आठोळीतील सोंडकिडा

भोगीच्या दिवशी बारामतीच्या किंवा इंदापूरच्या बाजारात गेलात तर बोरांचे ढीग पाहायला मिळतात. सुगडात घालायला बोरे हवीत, घरात लहान मूल असेल तर बोरन्हाणाला हवीत, आणि शाळेत जाणाऱ्यांच्या खिशात तर ती हवीतच. मधल्या सुट्टीत तुम्ही ती खाता आणि आठोळ्या इकडेतिकडे फेकून देता. आपण आज त्या आठोळीकडे पाहणार आहोत. बोराचे झाड वर्षभर जी खटपट करते ती गरासाठी नसून आठोळीतल्या बीसाठी असते. गर ही त्या बीच्या प्रवासासाठी दिलेली हमाली आहे. आणि नेमक्या त्या बीवर डोळा ठेवून असलेला एक कीटक या माळावर राहतो.

तुमच्या खिशातल्या बोरात मात्र तो बहुधा सापडणार नाही. त्यासाठी झाडाखाली जावे लागेल. दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास एखाद्या गावठी बोरीखालची जमीन नीट पाहा. वाटाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी, वाढ खुंटलेली, गोलसर बोरे पडलेली दिसतील. त्यांतली काही वाऱ्याने पडलेली असतात, काही झाडाने स्वतःच टाकून दिलेली असतात. झाडाला जितकी फळे पोसणे झेपते तितकीच ते ठेवते. पण काही बोरे चाकूने कापली तर आत वेगळाच प्रकार दिसतो. आठोळी असावी तितकी टणक झालेली नसते, आत पांढरा मगज नसतो, बारीक तपकिरी भुसा असतो आणि त्या भुश्यात एक पांढरी, वाकडी, बिनपायांची अळी अंग मुडपून बसलेली असते.

ही अळी म्हणजे बोरातली नेहमीची 'कीड' नव्हे. येथे बहुतेकांची गल्लत होते. पिकलेले बोर अर्धे खाल्ल्यावर उरलेल्या अर्ध्यात वळवळणारी जी अळी पाहून आपण थू थू करतो, ती बोरमाशीची. ती गर खाते, आठोळीला हात लावत नाही. तिला वेगळे डोके दिसत नाही. पुढचे टोक निमुळते आणि मागचे बोथट असते. वाढ पुरी झाली की ती फळातून बाहेर पडून जमिनीत शिरते आणि थोड्याच खोलीवर कोष करते. आठोळीतल्या अळीला मात्र तपकिरी, कडक, स्पष्ट डोके असते. भिंग नसले तरी चालेल, नुसत्या डोळ्यांनीही हा फरक ओळखता येतो. एक माशीचे पोर, दुसरे भुंगेऱ्याचे. दोघांचे फळ एक, पण जेवणाची पाने वेगळी.

या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव ऑबिअस हिमालयानस. नावात हिमालय असला तरी तो कोरड्या प्रदेशातल्या बोरींवर उपद्रव करतो. कर्नाटकात विजापूरकडे आणि राजस्थानात बिकानेरकडे बोरांच्या बागांत तो अभ्यासला गेला आहे. (बोरमाशीची गंमत आणखी मोठी. तिच्या नावात, म्हणजे कार्पोमाया व्हेसुव्हियाना या नावात, इटलीतला ज्वालामुखी आहे! कीटकांची नावे ती पहिल्यांदा कोठे सापडली हे सांगतात. ते कोठे राहतात हे सांगतातच असे नाही.)

ज्या कुळात हा भुंगेरा मोडतो ते कुळ तुमच्या ओळखीचे आहे. ज्वारी निवडताना घरातली मंडळी सुपातून जे सोंडे वेचून काढतात, ते याच गोतावळ्यातले. सोंडकिड्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे. प्राण्यांच्या फारच थोड्या कुळांचा पसारा एवढा मोठा असेल. यांची सोंड हत्तीच्या सोंडेसारखी नाक नव्हे, की डासाच्या सोंडेसारखी नळीही नव्हे. ते लांबलेले डोके आहे आणि त्याच्या अगदी टोकाला चिमुकले जबडे आहेत. सुताराचा सामता आठवा: पाते टोकाला आणि मागे लांब दांडा. सोंडेवर मध्येच दोन मिशा फुटलेल्या असतात आणि त्या कोपरात वाकवल्यासारख्या दिसतात.

या हत्याराचा उपयोग खाण्यासाठी तर होतोच, पण मादीच्या दृष्टीने त्याचे खरे काम भोक पाडण्याचे. ज्वारीतली सोंड्याची मादी दाण्यात बारीक छिद्र कोरते, त्यात एक अंडे घालते आणि ते छिद्र बंद करून टाकते. पुढचे सगळे बालपण त्या एका दाण्यात. बोरातल्या सोंडकिड्याची रीतही याच जातीची आहे. बोर वाटाण्याएवढे असताना मादी फळाच्या टोकाकडे अंडे घालते. अळी बाहेर पडली की ती गर कोरत थेट आतल्या मऊ आठोळीत शिरते आणि वाढणारी बी खाऊ लागते. एका बोरात सामान्यतः एकच अळी असते. बी गेली की फळाची वाढ थांबते. तुम्ही म्हणाल, गर तर शाबूत आहे, मग बोर का वाढत नाही? कारण फळ वाढवण्याचा हुकूम बीकडून सुटतो. वाढत्या बीतून जी संप्रेरके निघतात त्यांच्यामुळे गर भरतो. बी मेली की हुकूम देणारे कोणी उरत नाही. झाड त्या फळाचा पुरवठा तोडते आणि बोर गळते. आतल्या अळीचे त्यात काही बिघडत नाही. ती आठोळीतच कोषात जाते आणि पुढे भुंगेरा होऊन आठोळीला गोल भोक पाडून बाहेर येते. आठोळी हेच तिचे घर, कोठार आणि पाळणा.

आता वेळेचा प्रश्न लक्षात घ्या. या सगळ्या गोष्टीची कळ तेथे आहे. पिकल्या बोराची आठोळी फोडायला तुम्हाला दगड लागतो. नुकत्याच जन्मलेल्या अळीचे जबडे तेथे काय करणार? म्हणून अंडे घालायचे ते आठोळी टणक होण्याआधी. पण फार आधी घातले तर आत खायला बीच नसते. या दोन अडचणींच्या मध्ये थोडे दिवस सापडतात, तेवढीच मादीची सुगी.

हीच शर्यत हजारो मैलांवर वेगळ्या झाडावर चालते. चॉकलेटमधून आपल्याकडे पोहोचणारे हेझलनट युरोपात रानातल्या झुडपांवर येते, आणि त्याची एक जंगली बहीण आपल्या हिमालयातही आहे. युरोपातल्या हेझलवर करक्युलिओ न्यूकम नावाचा सोंडकिडा असतो. त्याच्या मादीची सोंड पाहण्यासारखी, जवळजवळ अंगाइतकी लांब. कवच मऊ असतानाच ती त्याला भोक पाडून आत अंडे घालते, अळी महिनाभर आतला मगज खाते, आणि मग कवचाला गोल भोक पाडून अळीच बाहेर येते व जमिनीत शिरते. तेथे ती एक वर्ष, कधी दोन वर्षेही पडून राहते. म्हणजे हेझलच्या कवचातून अळी बाहेर येते, तर बोराच्या आठोळीतून भुंगेरा. असा फरक का? मला सुचणारे पहिले उत्तर असे, की युरोपात शरद ऋतूतली जमीन ओली आणि भुसभुशीत असते, आपल्या माळावर मात्र हिवाळ्यात मुरूम वाळून दगडासारखा होतो. मऊ अंगाच्या अळीने त्यात शिरावे कसे? उत्तर दिसायला छान आहे, पण पुरेसे नाही. त्याच मुरमात, त्याच झाडाखाली, बोरमाशीची मऊ अळी खुशाल शिरते! तेव्हा हा प्रश्न तुमच्यासाठी तसाच ठेवतो.

आता थोडे या मुलखाविषयी. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, बारामती गावातून कऱ्हा; नकाशावर नद्यांनी वेढलेला हा प्रदेश प्रत्यक्षात पर्जन्यछायेतला आहे. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कालव्याखाली ऊस, आणि कालव्याच्या वर उघडा माळ, असे त्याचे दोन चेहरे पूर्वीपासून आहेत. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, पुढे उपसा वाढला आणि उसाने इंदापूरकडचा बराच माळ गिळला. तरी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात माळाचे जुने रूप अजून पाहता येते. १९९७ साली चिंकारा हरणांसाठी राखलेले हे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. गवत, हिवर, बाभूळ आणि मध्ये मध्ये बोराटी असा तेथला थाट. बोराटी म्हणजे कमरेएवढी काटेरी जाळी. तिची चन्यामन्या बोरे तुम्ही नक्कीच खाल्ली असतील. तिची जात झिझिफस नुम्म्युलारिया. बांधावरची मोठी गावठी बोर वेगळी, ती झिझिफस मॉरिशियाना. बाजारातली उमराण, मेहरुण, कडाका ही कलमी बोरे तिच्याच जातीची.

माळावरच्या बोरीला सोंडकिडा किती महागात पडतो? एक सोपे गणित मांडू. समजा, एक बोर वर्षाला हजार फळे देते आणि तीस वर्षे जगते. म्हणजे जन्मभरात तीस हजार आठोळ्या. माळावर बोरींची संख्या फारशी कमीजास्त होत नाही असे धरले, तर या तीस हजारांतून सरासरी एकच झाड उभे राहते. सोंडकिड्याने निम्म्या आठोळ्या पोकळ केल्या तरी पंधरा हजार उरतात, आणि हवे आहे एक झाड. बाकीच्यांचे काय होते? बहुतेक रुजतच नाहीत, रुजलेली उन्हाळ्यात करपतात, वाचलेली शेळी खाते. रुजायला योग्य, थोड्या सावलीची, थोड्या ओलीची जागा माळावर फार कमी असते. जोवर जागाच अपुऱ्या आहेत तोवर सोंडकिडा नाहीसा झाला म्हणून बोरी दुप्पट होतील असे मुळीच नाही.

शिवाय माळावर सोंडकिड्याचे दिवसही सारखे नसतात. पाऊस रुसला की फुलोरा कमी, फळे मोजकी. मग त्यांतली बहुतेक किड्याच्या वाट्याला जातात, पण त्यामुळे पुढच्या वर्षी किडेही मोजकेच राहतात. आणि त्याच वर्षी बोरी लदलदून आल्या तर मूठभर मादी अंडी घालून घालून किती घालणार? त्या वर्षीच्या बहुतेक आठोळ्या सहीसलामत सुटतात. मग बुलबुल आणि मैना गर टिपतात, खोकड आणि कोल्हे बोरे खाऊन विष्ठेतून आठोळ्या दूरवर टाकतात. मेंढ्या-शेळ्या दिवसा बोरे गिळतात आणि रात्री रवंथ करताना आठोळ्या थुंकतात. धनगरांचा मेंढवाडा उठला की त्या जागी आठोळ्यांचा सडा पाहा; खतावर पडलेली ती आयतीच पेरणी असते.

बागेत हेच गणित उलटे होते. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेला जोडून फळबागांची लागवड सुरू झाली आणि कोरडवाहू जमिनीला शोभणारे फळ म्हणून बोराला महत्त्व आले. बागायतदाराला झाडाचा वंश वाढवायचा नसतो. त्याला प्रत्येक बोर हवे असते. माळावर निम्मी फळे जाणे ही बोरीच्या दृष्टीने किरकोळ बाब, पण बागायतदाराचा निम्मा माल गेला तर औषधपाण्याचा आणि मजुरीचा खर्चही निघत नाही. अळी तीच, तिचे काम तेच. नुकसान किती, हे कोण मोजतो यावर ठरते.

आणि आपण बाग लावतो तीही सोंडकिड्याच्या सोयीने! उन्हाळ्यात साऱ्या बागेची छाटणी एकाच वेळी करतात. त्यामुळे फुले एकदम, फळे एकदम, आणि वाटाण्याएवढी कोवळी बोरेही शेकडो झाडांवर एकदम. माळावर मादीला एका बोरीवरून दुसरीपर्यंत उडत जावे लागे, एक लवकर फळलेली तर दुसरी उशिरा. येथे फांदीवरून फांदीवर गेले की झाले. त्यातून गळलेली किडकी बोरे झाडाखालीच राहू दिली तर पुढच्या पिढीची बेगमीही आपणच करून ठेवली म्हणायचे.

म्हणून काही जण म्हणतात, बांधावरच्या गावठी बोरी तोडून टाका, म्हणजे किडीचे माहेरच तुटेल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. गावठी बोर बागेतल्या बोरीचीच सख्खी जात असल्यामुळे तिच्यावर वाढलेला किडा बागेत येऊ शकतो. परंतु मला ही घाई वाटते. बी खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मागावर गांधीलमाशीच्या गणातल्या अतिसूक्ष्म माश्या असतात. त्या अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले त्या अळीवर वाढतात. औषध न मारलेल्या बांधावर त्यांना थारा मिळतो, फवारलेल्या बागेत नाही. बांध साफ केला की किड्याबरोबर त्याचा वैरीही जातो, आणि किडा बागेतून पुन्हा उभा राहतो. आधी गळलेली बोरे दर आठवड्याला वेचून जाळावीत किंवा खोल पुरावीत. ते न करता बांधावर कुऱ्हाड चालवण्यात शहाणपण नाही.

दुसरेही एक कारण आहे. कलमी बोर जमिनीतून कलमी म्हणून उगवत नाही. गावठी बोराची आठोळी पेरायची, रोप वाढवायचे आणि त्यावर डोळा भरायचा, अशी ही रीत. मुरमात खोल जाणारे सोटमूळ त्या गावठी रोपाचे. बांधावरच्या सगळ्या बोरी गेल्या तर पेरायला आठोळ्या कोठून आणणार? आणि आठोळ्या मिळाल्या तरी पोकळ निघाल्या तर?

आठोळ्यांची चाचणी

रोपवाटिकेत यासाठी एक सोपी युक्ती करतात, ती तुम्ही वर्गात करू शकाल. एक लिटर पाण्यात सुमारे १७० ग्रॅम मीठ विरघळवा. स्वच्छ धुतलेल्या शंभर आठोळ्या त्यात टाकून चोवीस तास ठेवा. भरलेल्या बीच्या आठोळ्या तळाला जातात, पोकळ तरंगतात. तळाच्या पेरायला ठेवा. त्यांतल्या थोड्या हलक्या हाताने फोडून आतली बी वेगळी काढून पेरली तर आठवड्याभरात अंकुर दिसतो. न फोडलेल्या आठोळीला तीन-चार आठवडे लागतात.

तरंगणारी प्रत्येक आठोळी सोंडकिड्याने पोखरलेली असते असे समजू नका. काहींत बी मुळात धरलेलीच नसते. म्हणून त्या फोडून पाहा: भुसा, अळी, कोष किंवा गोल भोक असेल तर सोंडकिडा, नुसती सुरकुतलेली पापडी असेल तर तो निर्दोष. फोडताना हेही पाहा की आठोळीत दोन कप्पे असतात. दोन्हींत बी होती की एकातच, आणि किड्याने एक खाल्ली की दोन्ही, हे वहीत लिहा.

आठोळ्या कोठून घ्यायच्या हे फार महत्त्वाचे. बाजारातून आणलेल्या बोरांच्या आठोळ्या मोजल्यात तर किडीचे प्रमाण जवळजवळ शून्य येईल आणि तुम्ही फसाल. कारण उघड आहे: ज्यांना किडा लागला ती बोरे बाजारापर्यंत आलीच नाहीत, ती झाडाखाली राहिली. उलट नुसती गळलेली बोरेच मोजलीत तर प्रमाण भलतेच जास्त येईल. तेव्हा एक फांदी निवडा, तिला दोरा बांधा, बोरे वाटाण्याएवढी असताना ती मोजा, आणि दर आठवड्याला किती राहिली हे पाहत जा. फांदीखाली जुने धोतर किंवा पोते पसरून गळलेली बोरे वेगळी गोळा करा. एक फांदी बांधावरच्या गावठी बोरीची, एक बागेतल्या कलमी बोरीची (मालकाला विचारून), आणि एक माळावरच्या बोराटीची असली तर उत्तम. चन्यामन्या बोरांच्या इवल्याशा आठोळीत सोंडकिडा शिरतो का, शिरला तर मोठ्या बोरापेक्षा कमी की अधिक, हे तुमच्या आकड्यांवरून ठरेल. अभयारण्यात मात्र काहीही तोडू किंवा वेचू नका, तेथे नुसते पाहायचे.

गळलेली थोडी बोरे न कापता रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवा. तळाशी कोरडी माती घाला, म्हणजे बोरमाशीच्या अळ्यांनाही कोषासाठी जागा मिळेल. बरणीवर झाडाचा प्रकार, गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. रोज सकाळी पाहून काय निघाले ते लिहा: सोंडेचा भुंगेरा, चट्टेदार पंखांची माशी, की कंबर आवळल्यासारखी दिसणारी, मुंगीहूनही लहान माशी. ही तिसरी निघाली तर तिला टाकून देऊ नका. ती कोणत्या झाडाच्या बरणीत निघाली हे पाहिले की बांधावरच्या बोरीचा खटला अर्धा निकाली निघेल. बरणीचे तोंड पातळ मलमलीने घट्ट बांधा. जाळीची भोके मोठी राहिली तर ती सगळ्यांच्या आधी निसटेल आणि तुम्ही बरणीत काहीच नव्हते असे लिहाल.